रात्रीचा गाडा

घर बांधावयाचें म्हटलें म्हणजे मुहूर्त कोणता, देवघर कोणत्या दिशेस, खोल्या किती, या गोष्टींचा खल घरोघर होतो. आणि पाया भक्कम असावा एवढें एक वाक्य वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकून घेऊन सर्वजण पुढच्या विषयाकडे वळतात. पाया खणावयास हल्लीं कुदळ-पहार पुरत नाहीं, त्यास पन्नास-साठ टनांचें यंत्र लागतें, हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तें यंत्र आपल्या गल्लींत येतें कसें, हा प्रश्न तें दाराशीं येऊन उभें राहीपर्यंत कोणाच्याहि मनांत येत नाहीं. वांद्र्यास राहणारांवर मात्र हा विचार करण्याचा प्रसंग अलीकडे वारंवार येतो. जुनीं दुमजली-तिमजली घरें पाडून त्या जागीं उंच इमारती उठविण्याचें काम येथें गल्लोगल्लीं चालू आहे. आणि अशा प्रत्येक इमारतीच्या आधीं, बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास, एक लांबलचक, ठेंगणा गाडा गल्लीच्या तोंडाशीं येऊन धापा टाकीत उभा राहतो. त्यासच धंद्यांतील लोक 'लो-बेड' म्हणतात.

गेल्या महिन्यांत आमच्या गल्लींतील मंडळींनीं या गाड्याविरुद्ध एक अर्ज लिहिला आणि सहीसाठीं तो आमच्याकडे आणला. आम्हीं तो दोन दिवस ठेवून घेतला. शाळेंत असतांना आम्ही मुलांस सांगत असूं कीं, ज्या वाक्याचा अन्वय लागला नाहीं त्याचें भाषांतर करूं नये. तोच नियम सहीलाहि लावावा असें आम्हांस वाटतें. म्हणून या गाड्याचा अन्वय लावण्याचा आम्हीं जो यत्न केला, तो वाचकांपुढें ठेवतों.

आधीं जमिनीकडे पाहूं. वांद्रें हें एक नांव असलें तरी तेथील भूमि एका जातीची नाहीं. पश्चिमेस पाली हिलची आणि मोत माउलीच्या टेकडीची बाजू काळ्या खडकाची आहे. पूर्वेस मिठी नदीच्या कांठचा प्रदेश म्हणजे खाजणाचा चिखल. १८४५ मध्यें माहीमचा बांधरस्ता पुरा होईपर्यंत मुंबई बेटावरून वांद्र्यास यावयाचें तर होडींतून खाडी ओलांडावी लागे. त्या रस्त्यासाठीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं १,५७,००० रुपये दिले, हें पुष्कळांस माहीत असेल. पुढें १९७७ मध्यें याच खाजणाकडील सुमारें ३७० हेक्टर जागेच्या नियोजनाचें काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आलें, आणि ज्या ठिकाणीं भरतीचें पाणी खेळत होतें त्या ठिकाणीं वांद्रे-कुर्ला संकुल उभें राहिलें. वरून कांच, खालून चिखल, असा हा प्रकार आहे. अशा जागीं इमारतीचा भार वरच्या थरावर टाकतां येत नाहीं. चिखल, त्याखालचा मुरूम, त्याखालचा झिजलेला ठिसूळ खडक, हे सर्व थर भेदून खालच्या अखंड खडकांत काँक्रीटचे खांब रोवावे लागतात. या खांबांस 'पाइल' म्हणतात, आणि ते जेथें रोवावयाचे तें विवर पाडणाऱ्या यंत्रास 'पायलिंग रिग'.

ही गरज केवढी आहे याची कल्पना दोन उदाहरणांवरून येईल. ३० जून २००९ रोजीं ज्याचें उद्घाटन झालें त्या वांद्रे-वरळी सागरी सेतूखालीं दीड ते दोन मीटर व्यासाचे सहाशेंहून अधिक खांब समुद्रतळाच्या खडकांत उतरविलेले आहेत. अहमदाबादेस जाणाऱ्या वेगवान रेल्वेचें जें स्थानक वांद्रे-कुर्ला संकुलांत भूमीखालीं होत आहे, त्याच्या खड्ड्याच्या भिंती सांवरण्यासाठीं सतरा ते एकवीस मीटर खोलीचे तीन हजारांहून अधिक खांब, एकाच्या कुशींत दुसरा शिरेल अशा बेतानें, गुंफलेले आहेत. त्या सर्व खड्ड्याची खोली सुमारें बत्तीस मीटर. म्हणजे दहा मजली घर उभेंच्या उभें आंत ठेवावें. कुलाबा ते आरे ही साडेतेहतीस किलोमीटरांची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्यें कफ परेडपर्यंत पुरी सुरू झाली, आणि आमच्या घरची मंडळी आतां तिच्यांतून थंडगार हवेंत ये-जा करतात. पण तिच्या स्थानकांच्या खड्ड्यांसहि याच रिगांनीं आधीं कुंपण घातलें होतें, याची आठवण तिकीट काढतांना कोणास होते?

पूर्वीं हें काम त्रिपाईनें होत असे. लोखंडाच्या तीन पायांची घोडी उभी करावयाची, तिच्या माथ्यावरून दोर सोडावयाचा, आणि विंचेनें एक वजनदार छिणी वर ओढून धाडकन खालीं टाकावयाची. खडक पिठासारखा फुटे, तो चिखलपाण्यासह बाहेर काढावयाचा, पुन्हां घाव घालावयाचा. एकेका विवरास कित्येक दिवस लागत, आणि सबंध गल्ली त्या ठोक्यांनीं हैराण होई. आजहि लहान कामांवर त्रिपाई दिसते. तिचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. तिचे तुकडे सुटे करून कोणत्याहि साध्या ट्रकांत टाकतां येतात. नवी रिग तेंच विवर कित्येकदां एका दिवसांत पाडते, ठोके न घालतां स्क्रूसारखें फिरून पाडते. परंतु तिचे तुकडे करून ती पोत्यांत भरतां येत नाहीं. वेग मिळाला, त्याचें मोल वाहतुकींत द्यावें लागलें.

या रिगेस चाकें नसतात, लोखंडी पट्टे असतात. कामगार त्यांस 'चेन' म्हणतात. चिखलांत रुतूं नये म्हणून ही योजना. पण हेच पट्टे डांबरी रस्त्यावर वळूं लागले म्हणजे नांगर फिरावा तसा रस्ता खरवडतात. शिवाय त्यांची चाल तासाला एकदोन किलोमीटरांची. पनवेल-तळोज्याच्या बाजूच्या एखाद्या आवारांतून अशी रिग स्वतःच्या पायांनीं वांद्र्यास निघाली, तर दीड-दोन दिवस ती सायन-पनवेल रस्त्यावरच असेल, आणि तिच्या मागें जो रस्ता उरेल त्यास रस्ता म्हणतां येणार नाहीं. म्हणून चालणाऱ्या यंत्राला न चालवतां पालखींतून न्यावें लागतें.

आतां ती पालखी ठेंगणीच कां? हा हिशेब आमच्या नातवंडांनींहि चटकन समजून घेतला. डोलकाठी आडवी पाडून, मागचीं वजनें काढून आणि मधला लांब दांडा, ज्यास 'केली' म्हणतात, तो दुसऱ्या गाडीवर चढवून रिग प्रवासास सिद्ध केली, तरी तिची उंची साडेतीन मीटरांच्या आसपास राहते. साध्या ट्रेलरचा तक्ता जमिनीपासून सुमारें दीड मीटर वर असतो. त्यावर रिग ठेवली तर बेरीज पांच मीटर होते. लो-बेडचा तक्ता एक मीटरच्या आंतबाहेर असतो, बेरीज साडेचार. फरक केवळ सव्वा हाताचा. परंतु शहरांतील उड्डाणपुलांखालीं साडेपांच मीटरांची मोकळीक ठेवण्याचा दंडक असला, तरी जुन्या कमानी, पादचारी पूल, फांद्या आणि तारा हा दंडक पाळीत नाहींत, आणि त्या सव्वा हातांतच सर्व कांहीं येऊन राहतें. वांद्रे-खार बाजूस रेल्वेखालून पूर्व-पश्चिम जाणारे भुयारी मार्ग तर इतके ठेंगणे कीं, त्यांचें नांवच या चालकांपुढें काढूं नये. रुंदीचीहि तीच गत. मोटार वाहनांच्या नियमांप्रमाणें साध्या वाहनाची रुंदी २.६ मीटरांहून अधिक असूं नये. रिगचे पट्टे आंत ओढून घेतले तरी ती तीन मीटर भरते. म्हणून तिला वेगळा परवाना काढावा लागतो, आणि पुढेंमागें लाल निशाण, रात्रीं दिवा लावावा लागतो.

तक्ता खालीं न्यावयाचा तर पुढच्या ओढणाऱ्या गाडीशीं त्याची गांठ घालावयाची कशी, हा प्रश्न राहतो. कारण त्या गाडीचीं मागचीं चाकें उंच असतात. म्हणून लो-बेडचा पुढला भाग एकदम वर उचलून, चाकांवरून वांकवून नेलेला असतो. इंग्रजींत त्यास हंसाच्या मानेचें नांव आहे, आणि आम्हांस तें वाचतांच 'हंसग्रीवा' हा शब्द सुचला. आकृति खरोखर तशीच आहे. मात्र आमचे चालक या ओढणाऱ्या गाडीला 'घोडा' म्हणतात, तेव्हां घोड्याला हंसाची मान जोडलेला हा प्राणी कोणत्याहि पुराणांत सांपडणार नाहीं. तक्त्याखालीं लहान व्यासाचीं पुष्कळ चाकें असतात. ओझें जितक्या आंसांवर वांटलें जाईल तितका रस्ता वांचतो. २०१८ मध्यें नियम सैल केले तेव्हांहि चार चाकांच्या एका आंसावर साडेअकरा टनांपलीकडे भार चालणार नाहीं असेंच ठरलें. संस्कृतांत बैलाला 'अनडुह्' असा शब्द आहे. त्याचा अर्थच 'अनस्' म्हणजे गाडा वाहून नेणारा. आणि आज आपण मोठ्या पुढाऱ्यास जें 'धुरंधर' म्हणतों, तो मूळचा जुवाची धुरा मानेवर घेणारा बैलच. शब्द मोठ्या माणसांनीं उचलला, ओझें मात्र ज्याचें त्याच्याकडेच राहिलें.

ओझ्याचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्यें अहमदनगरास ओतली गेली. तिचें वजन सुमारें पंचावन्न टन, म्हणजे आपल्या या रिगेइतकेंच धरा. ती अहमदनगराहून परंड्यास आणि परंड्याहून १६३२ च्या सुमारास विजापुरास गेली. तिला ओढावयास चारशें बैल आणि दहा हत्ती लागले असें सांगतात. आजच्या एका 'घोड्या'चें इंजिन तीनचारशें अश्वशक्तीचें असतें. बैल गेले, हत्ती गेले, आंकडा तेवढा जवळपास राहिला. याच्याहून आश्चर्याची गोष्ट अगदीं अलीकडची आहे. जुलै २०१९ मध्यें महाराष्ट्रांतून एक प्रचंड यंत्र तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघालें. सुमारें सत्तर टनांचें तें ओझें चौऱ्याहत्तर चाकांच्या गाड्यावर होतें. सुमारें सतराशें किलोमीटरांच्या त्या वाटेंत कोठें झाडें तोडावीं लागलीं, कोठें विजेच्या तारा उतरवाव्या लागल्या, कोठें रस्ताच नीट करावा लागला, आणि मध्यें टाळेबंदी आली. तें पोंचलें जुलै २०२० मध्यें. वर्षभरांत सतराशें किलोमीटर. दिवसाला पांचांहून कमी. पंढरीचे वारकरी याच्या तिप्पट-चौपट चालतात.

परंतु चालण्याहून चढणें अवघड. आमच्या गल्लींत ती रिग आली तेव्हां आमच्या धाकट्या बंधूंसह आम्ही खालीं उतरून सर्व प्रकार पाहिला, आणि झोंपमोड झाली तरी त्याचा पश्चात्ताप नाहीं. गाड्याच्या शेपटाशीं दोन उतरते रॅम्प लावलेले असतात. रिग स्वतःच्या पट्ट्यांवर चालत त्यांवरून चढते अथवा उतरते. लोखंडावर लोखंड घसरतें, पावसाळ्यांत तर फारच. म्हणून मध्यें लांकडी ओंडके टाकावे लागतात. चढतांना एक क्षण असा येतो कीं, निम्मी रिग रॅम्पवर आणि निम्मी हवेंत; पुढचें तोंड आभाळाकडे. मग तराजूची दांडी कलावी तसा तिचा भार कडेवरून पलीकडे जातो आणि ती तक्त्यावर खालीं बसते. हें बसणें हळू झालें तर ठीक. धप्पकन झालें तर गाडा हादरतो, आणि पट्टा जरा तिरपा असेल तर सर्व यंत्र कुशीवर जातें. त्या क्षणीं ओढणाऱ्या घोड्याचा ब्रेक, ओंडके, उतार आणि चालविणाराचा हात, हे सर्व एकमेकांवर विसंबून असतात. समोर उभा राहून एक खलाशी नुसत्या बोटांनीं खुणा करीत होता. तोंडानें एक शब्द नाहीं, कारण त्या आवाजांत शब्द ऐकूं येत नाहीं. चारदोन इंच डावीकडे, चारदोन इंच उजवीकडे. आम्हीं पस्तीस वर्षें खडूनें फळ्यावर जे बाण काढले त्यांपैकीं एकाचाहि इतक्या तत्परतेनें कोणी मान राखला नाहीं.

चालक मूळचा जतकडचा, चाळिशीचा गृहस्थ. आम्हीं त्यास विचारलें, "अहो, एवढें ओझें घेऊन चालतां, भीति वाटत नाहीं का?" तो म्हणाला, "काका, ओझ्याचं काय न्हाई. बांधलेलं ओझं गप बसतं. भ्या वाटतं ते वायरीचं, झाडाचं, आन् आडव्या लावलेल्या मोटारींचं. त्या तुमच्या हातातल्या." आम्हीं पुढें विचारलें, "आणि झोंप?" तो हंसला. "दिवसा शहरात सोडत न्हाईत. नाक्याबाहेर उन्हात केबिनीत पडायचं. पंखा लावला तर बॅटरी जाती. मग रात्री चालवायचं. तुम्हांला आज एक रात जागरण झालं, काका. आम्हांला रोजचं हाय." गर्दीच्या वेळीं जड वाहनांस शहरांत मनाई असते, आणि ती असावीच, पण त्या मनाईचा अर्थ असा आहे कीं, सर्वांत जड ओझें सर्वांत कमी झोंपलेल्या माणसाच्या हातीं, सर्वांत अंधाऱ्या वेळीं येतें. हा विचार अर्जांत कोठेंच नव्हता.

त्याचा क्लीनर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. गाडा गल्लींत शिरतांना हा पोरगा हातांत वाळका बांबू घेऊन पुढें चालत होता आणि लोंबणाऱ्या तारा एकेक उचलून गाड्यावरून पलीकडे टाकीत होता. मुंबईंत विजेच्या तारा बहुतेक जमिनीखालून जातात, तेव्हां या टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या. त्यांस धक्का लागला तर शिव्या मिळतात, एवढेंच. पण हाच मुलगा उद्यां एखाद्या खेड्यावरून गेला तर तेथें वर असलेली तार विजेची असेल, आणि हातांत बांबू हाच असेल. आम्हीं त्यास नांव विचारलें, शाळा कितवीपर्यंत झाली तें विचारलें. दहावी झाली होती. गणितांत चांगले गुण होते म्हणाला. त्यानंतर आम्हांस त्या बांबूकडे पाहवेना.

अशा कामांत चूक कोठें होते याचें एक उदाहरण इंग्लंडांतलें आहे, आणि तें लो-बेड चालविणाऱ्या प्रत्येकास सांगावें असें आहे. ६ जानेवारी १९६८ रोजीं स्टॅफर्डशायरमधील हिक्सन या गांवीं १२० टनांचा एक ट्रान्सफॉर्मर घेऊन असाच एक गाडा रेल्वेच्या फाटकावरून जात होता. पुढें पोलिसांची गाडी होती. फाटक नवीन तऱ्हेचें, आपोआप पडणारें. इशारा झाल्यापासून आगगाडी येईपर्यंत चोवीस सेकंदांचा अवधि. वरच्या विजेच्या तारेला ओझें लागूं नये म्हणून गाडा मुंगीच्या चालीनें चालला होता, आणि त्यास पलीकडे जावयास जवळजवळ एक मिनिट लागणार होतें. मँचेस्टरहून लंडनकडे निघालेली जलद गाडी त्यावर येऊन आदळली. अकरा माणसें मेलीं. जड आणि मंद वाहनांनीं फाटक ओलांडण्यापूर्वीं सिग्नलवाल्यास फोन करावा अशी सूचना तेथें लिहिलेली होती, फोनहि जवळच होता. तो कोणींच केला नाहीं. गाडा दणकट होता, चालक अनुभवी होता, परवाना होता, पोलिस होते. नव्हतें तें एका माणसाचें दुसऱ्यास आधीं कळविणें. त्या चोवीस सेकंदांचा हिशेब कोणीतरी आदल्या दिवशीं कागदावर मांडावयास हवा होता.

आतां अर्जाकडे येतों. त्यांत तीन मागण्या होत्या. रात्रीं दहानंतर असा गाडा गल्लींत येऊं देऊं नये. रिग हमरस्त्यावर उतरवून दिवसा तिच्या पायांनीं चालत आणावी. आणि गाडा आला त्या रात्रीं जो आवाज झाला त्याबद्दल बांधकाम करणाऱ्या मंडळींनीं लेखी दिलगिरी व्यक्त करावी. पहिल्या मागणीचें दुःख आम्हांस कळतें. आमच्या घरांत नऊ माणसें आहेत. वहिनींस रक्तदाबाचा विकार आहे, आणि पुतण्याच्या मुलीची दुसरे दिवशीं परीक्षा होती. ती पहाटे चारपर्यंत जागी होती. ही तक्रार खोटी नव्हे, आणि ती करणाऱ्यांस 'प्रगतीच्या आड येणारे' म्हणून हिणवणें हा शुद्ध उद्धटपणा आहे. पण गाडा गल्लीच्या तोंडाशीं आला तो बारा वाजतां, आणि रिग खालीं उतरली ती तीन वाजतां. उतरविण्यास चाळीस मिनिटें लागलीं. बाकीचा सर्व वेळ दोन मोटारी हलविण्यांत गेला. त्यांपैकीं एकीचे मालक दार उघडीत नव्हते, दुसरीचे परगांवीं गेले होते. आणि तोंवर घोड्याचें इंजिन घरघरत उभें होतें, कारण तें बंद केलें तर ब्रेकची हवा उतरते. ज्या आवाजानें मुलीची झोंप मोडली, त्याचा तीन-चतुर्थांश भाग गाड्याचा नव्हता, मोटारींचा होता. अर्जाच्या मसुद्याखालीं पहिली सही त्या दार न उघडणाऱ्या गृहस्थांचीच होती, हें येथें नमूद केलें तर ते रागावतील. परंतु ते हें मासिक वाचीत नाहींत.

दुसरी मागणी आम्हांस मुळींच मान्य नव्हती. रिग दिवसा पट्ट्यांवर चालत आणली तर गल्लीचा रस्ता उखडेल, शाळेच्या सुटण्याच्या वेळीं साठ टनांचें यंत्र मुलांमधून जाईल, आणि वाटेंतील गटाराचीं झांकणें तिचा भार पेलतील कीं नाहींत हें कोणीच तपासलेलें नाहीं. झोंपेचा त्रास टाळण्यासाठीं मुलांच्या वाटेंत संकट आणून ठेवावयाचें, हा व्यवहार आमच्या बुद्धीस पटेना. आम्हीं तसें बैठकींत सांगितलें, तेव्हां एक शेजारी म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्या बिल्डरची बाजू घेतां." आम्ही म्हटलें, "नाना, आम्ही त्या बांबूवाल्या पोराची बाजू घेतों, आणि तुमच्या नातवाचीहि. दोघेहि रस्त्यावरच असतात." थोडी गरमागरमी झाली. शेवटीं वहिनींनींच तोड काढली. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच नवा मसुदा लिहा, म्हणजे चूक काढावयास कोणी उरणार नाहीं."

तेव्हां नवा मसुदा असा झाला. गाडा येण्याची तारीख व वेळ दोन दिवस आधीं प्रत्येक जिन्यांत फळ्यावर लिहावी. त्या रात्रीं गल्लींतील मोटारी आठ वाजतां हलवाव्या, आणि ज्यांस जागा नाहीं त्यांच्यासाठीं बांधकामाच्याच आवारांत सोय करावी. वाटेंतील तारा आदल्या दिवशीं केबलवाल्यांकडून वर बांधून घ्याव्या. क्लीनरच्या हातीं बांबू देऊन ते काम मध्यरात्रीं करूं नये. कोपऱ्यावरच्या पिंपळाची जी फांदी आडवी येते ती महापालिकेच्या परवानगीनें, जाणत्या माणसाकडून छाटावी. मागच्या वेळीं तिची साल गाड्याला लागून सोलली गेली आहे. रिग उतरवितांना बाहेरच्या माणसांस, यांत आम्ही दोघे बंधूहि आलों, दोराच्या पलीकडे उभें करावें. दिलगिरीची मागणी आम्हीं काढून टाकली, कारण ती कोणी कोणाकडे मागावी याचा निकाल लागेना.

या मसुद्यावर एकवीस बिऱ्हाडांपैकीं सतरा जणांनीं सह्या केल्या. बांधकाम करणाऱ्या मंडळींनीं पहिल्या तीन गोष्टी मान्य केल्या आहेत. पिंपळाचें तें महापालिकेकडे बोट दाखवितात, आणि महापालिकेचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. गाडा अकराच्या आंत आणण्याचें मात्र त्यांनीं साफ नाकारलें. शहरांत शिरण्याची वेळ पोलिस ठरवितात, आम्ही नव्हे, असें त्यांचें म्हणणें, आणि तें खरें आहे. रिगेचें काम आणखी तीन आठवड्यांत आटोपेल असें तेथील तरुण इंजिनियर सांगतात. मग तोच गाडा, बहुधा तोच चालक, तिला परत न्यावयास येईल.

त्या रात्रीं खालीं चहा पाठवावा असें वहिनींनीं ठरविलें आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा त्यास विरोध आहे. चहा दिला तर ते लोक आणखी अर्धा तास थांबतील असें त्यांचें मत. पुतण्याच्या मुलीनें मधला मार्ग सुचविला कीं, रिग चढून साखळदंड आंवळले गेल्यावर चहा द्यावा, आधीं नव्हे. त्यावर अजून घरांत एकमत झालेलें नाहीं.